एकच पाऊस, दोन विहिरी

वाचकहो, सुरुवातीला एक कोडे घालतो. पुण्यात वर्षाला जास्त पाऊस पडतो की डब्लिनमध्ये? हा प्रश्न मी इथल्या अनेक मराठी घरांत विचारला आहे. बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: "डब्लिनच! इथे तर रोजच पडतो." प्रत्यक्षात दोन्ही शहरांची वार्षिक सरासरी जवळपास सारखी आहे. पुण्याची सव्वासातशे मिलिमीटरच्या आसपास आणि डब्लिन विमानतळाची साडेसातशेच्या थोडी वर. लातूरची सरासरी तर आठशेच्या घरात जाते. म्हणजे कागदावर लातूर डब्लिनपेक्षा ओले आहे!

आता याच कोड्याची दुसरी बाजू पाहा. २०१५ च्या डिसेंबरात आणि २०१६ च्या जानेवारीत आयर्लंडच्या पश्चिमेला इतका पाऊस झाला, की दक्षिण गॉलवेतल्या गॉर्टच्या परिसरात शेते, रस्ते आणि घरांची अंगणे पाण्याखाली गेली आणि कित्येक आठवडे तशीच राहिली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १२ एप्रिल २०१६ रोजी, मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर पाणी. 'जलदूत' हे तिचे नाव तुमच्यापैकी पहिल्या पिढीच्या लोकांना आठवत असेल. त्या दिवसांत तुमच्यातल्या कुणी एकाच फोनवर आधी गॉलवेच्या पुराची आणि मग माहेरच्या टँकरची बातमी वाचली असेल.

दोन्ही बातम्या जमिनीखालच्या पाण्याच्या होत्या. गॉर्टच्या घरांत शिरलेले पाणी नदीचा काठ ओलांडून आले नव्हते, ते खालून वर आले होते. लातूरला मांजरा धरण कोरडे पडले ते सगळ्यांना दिसले, पण त्याच्या आधीच गावोगावच्या विहिरी आणि बोअर आटल्या होत्या. मी जन्मभर भूगोल शिकवला, त्यातली बरीच वर्षे भूजल आणि नकाशे या विषयात गेली. मुलीमुळे आता वर्षातले सहा महिने इथे असतो. या दोन देशांची पाण्याची गोष्ट एकत्र सांगावी असे बरेच दिवस मनात होते. ती निम्मी भूगोलाची आहे आणि निम्मी इतिहासाची.

दिवाळीचा सांधा

पाऊस किती पडला, एवढ्यावर विहिरीचे पाणी ठरत नाही. तो कधी पडला आणि त्या वेळी ऊन किती होते, हे महत्त्वाचे. जमिनीवर पडलेल्या पाण्यावर पहिला हक्क सूर्याचा आणि झाडापिकांचा असतो. त्यांचे भागल्यावर जे उरते, त्यातले काही ओढ्याला जाते आणि काही मुरते. ही मुरलेली शिल्लक म्हणजे भूजल.

आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत उरकतो. मृगाने सुरुवात होते आणि हस्त नक्षत्राच्या सरींनी शेवट. जमीन भिजते, विहिरींची पातळी चढत जाते आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात सर्वांत वर येते. त्यानंतर पुढचे आठ महिने जमा काही नाही, फक्त खर्च. रब्बीची पिके, ऊस, गावाचे पिण्याचे पाणी आणि वरून ऊन. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागतो.

आयर्लंडमध्ये पाऊस बाराही महिने पडतो, पण विहिरीला तो बाराही महिने पोचत नाही. उन्हाळ्यात दिवस लांब, गवत जोमात. जे पडते ते गवत पिऊन टाकते. ऑक्टोबरपासून सूर्य मावळतीला लागतो, गवताची तहान कमी होते आणि मग पाणी खाली उतरू लागते. भूजलाची पातळी सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वांत खाली असते आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान सर्वांत वर.

थोडक्यात, दोन्हीकडचे पंचांग उलटे आहे. आपली दिवाळी नेमकी या दोन पंचांगांच्या सांध्यावर येते. तुम्ही डब्लिनच्या किंवा कॉर्कच्या घरात पहिली पणती लावता, तेव्हा तुमच्या गावच्या विहिरीत वर्षातले सर्वांत जास्त पाणी असते आणि तुमच्या आयरिश अंगणाखाली वर्षातले जवळपास सर्वांत कमी. त्या दिवसापासून तिकडचे पाणी उतरू लागते आणि इकडचे चढू लागते. दिवाळी अंकासाठी यापेक्षा चांगला विषय मला सुचला नाही.

चुनखडी आणि काळा पाषाण

दुसरा फरक खडकाचा. आयर्लंडचा जवळजवळ निम्मा भाग चुनखडीच्या खडकावर उभा आहे. हा खडक तीस कोटी वर्षांहून जुना, उथळ उबदार समुद्रात साचलेला. पावसाचे पाणी किंचित आम्ल असते, त्यात चुनखडी विरघळते. लाखो वर्षे ती विरघळत गेली आणि खडकात भेगा, नळ्या आणि गुहा तयार झाल्या. स्लीव्ह ऑटीच्या डोंगरांवरून पश्चिमेला वाहणारे ओढे चुनखडीच्या सपाटीवर पोचतात आणि गडप होतात. पुन्हा वर येतात, पुन्हा गडप होतात आणि अखेर किनवाऱ्याजवळ समुद्राच्या काठाशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतात. कवी येट्स याच परिसरात, बॅलिलीच्या बुरुजात राहत होता. त्याने आपल्या कवितेत या पाताळात शिरणाऱ्या नदीचे वर्णन केले आहे. त्याचा तो बुरूज २००९ च्या आणि २०१५-१६ च्या पुरात पाण्यात गेला.

हिवाळ्यात या भूमिगत नळ्या पाणी वाहून नेण्यास अपुऱ्या पडल्या, की पाणी सखल जागी वर येते आणि तिथे तळे तयार होते. उन्हाळ्यात ते त्याच भोकांतून खाली जाते आणि तिथे गुरे चरतात. या तळ्याला आयरिश भाषेत 'टर्लॉख' म्हणतात. 'टुर' म्हणजे कोरडा. गॉलवे, क्लेअर, मेयो, रॉसकॉमन या भागांत अशी तीनशेहून अधिक तळी आहेत. गॉलवेतले राहासेन हे त्यांतले सर्वांत मोठे. इंग्रजी शास्त्रीय लेखनातही हाच आयरिश शब्द वापरतात, कारण ही वस्तूच मुख्यतः आयर्लंडची.

महाराष्ट्राचा खडक वेगळा. राज्याचा चार-पंचमांशहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले. कातळ घट्ट, त्यात पाण्याला जागा कमी. पाणी राहते ते वरच्या कुजलेल्या मुरमात, मांजऱ्यात, भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या फटीत. तेही थोडे. शंभर घागरी खडकात दोन-तीन घागरी पाणी सुटले तरी पुष्कळ म्हणायचे. विहीर लवकर भरते आणि लवकर आटते ती यामुळेच.

तुमच्यातले बहुतेक जण मुलांना घेऊन जायंट्स कॉजवेला गेले असतील. तिथले सहाकोनी खांब बेसॉल्टचेच आहेत. पुढच्या वेळी गेलात तर कड्याकडे नीट पाहा. दोन काळ्या थरांच्या मध्ये एक लाल पट्टा दिसेल. एक लाव्हा थंड झाला, त्यावर माती तयार झाली आणि मग दुसरा लाव्हा येऊन बसला, असा त्याचा अर्थ. सह्याद्रीच्या घाटात रस्त्याच्या कडेलाही असा गेरूसारखा लाल थर दिसतो. मुलांना सांगा, आजोबांच्या गावची विहीर याच पुस्तकातले एक पान आहे.

आधी सारा, मग कोळसा

आता इतिहासाकडे वळू. जमिनीखालचे पाणी कळायचे तर आधी जमिनीचा नकाशा हवा. तो दोन्ही देशांत कुणी आणि कशासाठी काढला?

आयर्लंडचा ऑर्डनन्स सर्व्हे १८२४ मध्ये सुरू झाला. एका मैलाला सहा इंच या मापाने संपूर्ण बेटाचा नकाशा १८४६ पर्यंत पुरा झाला. एवढा बारीक नकाशा कशासाठी? जमिनीवरचा कर न्याय्य रीतीने बसवता यावा म्हणून. त्याच काळात, १८३० च्या दशकात, इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट शेतसाऱ्यासाठी जमीन मोजत होते. दोन्हीकडचे मोजणीदार एकाच साम्राज्याचे. आयर्लंडच्या मोजणीसाठी कोल्बीने तापमानाने लांबी न बदलणाऱ्या धातूच्या पट्ट्या तयार करवल्या आणि १८२७-२८ मध्ये लॉख फॉईलच्या काठी त्यांनी पायारेषा मोजली. जॉर्ज एव्हरेस्ट १८२९ मध्ये आयर्लंडला येऊन ती पद्धत पाहून गेला आणि तशाच पट्ट्या हिंदुस्थानात घेऊन आला. १८३१-३२ मध्ये कलकत्त्याची पायारेषा त्यांनीच मोजली गेली. एव्हरेस्टचे नाव शिखरावर गेले, त्याची ही आयरिश शिकवणी मात्र फारशी कुणाला ठाऊक नाही.

मग आला भूगर्भाचा नकाशा. आयर्लंडची भूवैज्ञानिक पाहणी १८४५ मध्ये सुरू झाली. तिचा स्थानिक संचालक होता टॉमस ओल्डहॅम, १८१६ मध्ये डब्लिनमध्ये जन्मलेला, ट्रिनिटी कॉलेजात भूविज्ञानाचा प्राध्यापक. १८५१ मध्ये तो कलकत्त्याला गेला आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण त्याच्या हाताखाली उभे राहिले. म्हणजे आज भारतात 'जीएसआय' म्हणून ओळखली जाणारी संस्था ज्याने उभारली, तो आधी आयर्लंडच्या 'जीएसआय'चा प्रमुख होता. १८७६ मध्ये तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी आला हेन्री मेडलिकॉट. त्याचा जन्म गॉलवेतल्या लॉखरे गावचा, टर्लॉखांच्या प्रदेशाजवळचा. 'गोंडवन' हे नाव भूविज्ञानाला देणारा हाच. मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखाचे नाव एका गॉलवेकराने खडकांना दिले आणि पुढे ते एका प्राचीन महाखंडाचे नाव झाले.

ही माणसे मोठी होती, त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण त्यांना तिकडे पाठवले ते कोळसा शोधण्यासाठी. रेल्वेला आणि आगबोटींना कोळसा हवा होता. विहिरीचे पाणी त्या कामाच्या यादीत नव्हते.

ते कुणाच्या यादीत होते? जोतीराव फुल्यांच्या. १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी सरकारला उपाय सुचवले आहेत. डोंगरउतारावर ताली-बंधारे असे घाला, की पावसाचे पाणी शेतात मुरत मुरत खाली जाईल. आणि दुसरा उपाय असा, की सरकारने जाणत्या पाणाड्यांकडून जमिनी तपासून घ्याव्यात, जिथे झरे सापडतील त्या जागा गावच्या नकाशात दाखवाव्यात आणि स्वतःच्या खर्चाने विहिरी खोदणाऱ्या शेतकऱ्यांना इनाम द्यावे. वाचकहो, जरा थांबून याचा विचार करा. गावागावाचा भूजलाचा नकाशा काढा, ही मागणी एका मराठी माणसाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी केली होती. सरकारकडे मोजणीदार होते, भूवैज्ञानिक होते, गावांचे नकाशे तयार होते. झऱ्याची खूण तेवढी राहिली.

आयर्लंडच्या सहा इंची नकाशांवर मात्र एक गोष्ट आपोआप उतरली. मोजणीदार करासाठी फिरत होते, पण हिवाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या जागांवर त्यांनी 'पूर येण्याजोगी' अशी नोंद केली. विहिरी आणि झरेही दाखवले. गावांच्या नावांतही ते होतेच. आयरिशमध्ये 'टोबर' म्हणजे विहीर किंवा झरा. मेयोतल्या बॅलिनटबर या गावाच्या नावाचा अर्थच विहिरीचे गाव. आजचा संशोधक एखाद्या टर्लॉखचा जुना विस्तार शोधताना पहिल्यांदा हाच नकाशा संगणकावर उघडतो.

आकाशातून पाणी मोजणे

महाराष्ट्रात झऱ्याची खूण नकाशावर यायला १९७२ चा दुष्काळ पडावा लागला. माझ्या वयाच्या वाचकांना सुकडी, मिलो आणि खडी फोडण्याची कामे आठवतील. त्या सुमारास राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. बोअर खोदणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली. हातपंप आले. जालना पंप, त्यातून सोलापूर पंप आणि त्यावरून पुढे जगभर गेलेला 'इंडिया मार्क टू'. यंत्रणेने राज्याचे दीड हजारांहून अधिक पाणलोट आखले आणि जवळपास चार हजार निरीक्षण विहिरी ठरवल्या. या विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतात. ऑक्टोबरचा आकडा मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात आणि त्यावरून येत्या उन्हाळ्यात कोणत्या तालुक्यात टंचाई येईल याचा अंदाज बांधतात. दिवाळीच्या आसपास विहिरीत सोडलेली टेप मे महिन्याच्या टँकरची खबर आधीच देऊन ठेवते.

हे आकडे आता संगणकाच्या नकाशावर चढतात. एका थरावर खडक, दुसऱ्यावर उतार, तिसऱ्यावर पाऊस, चौथ्यावर विहिरींची पातळी. हे थर एकमेकांवर ठेवले, की कुठे पाऊस बरा होऊनही पातळी खाली गेली ते दिसते. तिथे दोष पावसाचा नसतो, उपशाचा असतो. पाऊस आणि उपसा यांची फारकत करून दाखवणे, हे या नकाशाचे सर्वांत मोठे काम आहे. दुष्काळाच्या राजकारणात सगळे खापर पावसावर फोडण्याची आपली जुनी सवय आहे. लातूरला २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षे वाईट गेली, मराठवाड्यात सरासरीच्या साठेक टक्केच पाऊस झाला, हे खरे. पण त्या आधीच्या बऱ्या वर्षांत खाली काही शिल्लक का राहिली नाही, हा प्रश्न पावसाला विचारून उपयोग नाही.

एक सावधगिरी मात्र मास्तर म्हणून सांगतो. दोन विहिरींच्या मधली पातळी संगणक हिशेबाने भरतो आणि सुंदर रंगीत नकाशा देतो. आपल्या कातळात हा हिशेब फसवा ठरू शकतो. एक विहीर वरच्या मुरमातले पाणी दाखवते आणि शंभर पावलांवरची बोअर खालच्या फटीतले. दोन्हींची सरासरी काढणे म्हणजे वरच्या मजल्यावरच्या आणि तळमजल्यावरच्या भाडेकरूंचे वय मिळवून घराचे वय सांगण्यासारखे आहे. नकाशा वाचताना खाली कोणता थर आहे हे विचारावेच लागते.

आयर्लंडची अडचण उलटी. इथे पाणी खाली जाण्याऐवजी वर येते आणि तेही अशा ऋतूत, जेव्हा आठवडेच्या आठवडे ढग हटत नाहीत. साध्या उपग्रहाला ढगांखालचे काही दिसत नाही. युरोपच्या 'सेंटिनेल-१' उपग्रहांनी हा प्रश्न सोडवला. त्यांतला पहिला २०१४ मध्ये आणि दुसरा २०१६ मध्ये सुटला. सुमारे सातशे किलोमीटर उंचीवरून ते रडारच्या लहरी सोडतात. त्या ढगांतून आणि अंधारातून आरपार येतात. खडबडीत जमिनीवरून त्यांचा काही भाग परत फिरतो, शांत पाण्यावरून मात्र त्या आरशासारख्या पलीकडे निघून जातात. म्हणून चित्रात पाणी काळे दिसते. त्या काळ्या डागाची कड जमिनीच्या उंचीच्या नकाशावर ठेवली, की पाण्याची पातळी किती ते कळते. तळ्याच्या काठावर माणूस न पाठवता मोजमाप होते.

२०१५-१६ च्या पुरानंतर आयर्लंडच्या भूवैज्ञानिक पाहणीने ट्रिनिटी कॉलेज आणि कार्लोची तंत्रसंस्था यांना बरोबर घेऊन २०१६ ते २०१९ या काळात हेच काम देशभर केले. साठेक टर्लॉखांत मापक यंत्रे बसवली, रडारच्या चित्रांशी त्यांचे आकडे जुळवले आणि भूजलाच्या पुराचा राष्ट्रीय नकाशा तयार झाला. २०१५-१६ चा पूर बहुतेक ठिकाणी नोंदीतला सर्वांत मोठा होता, म्हणून नकाशाचा मुख्य आधार तोच. ओल्डहॅमच्या संस्थेने पावणेदोनशे वर्षांनी पाण्याचा नकाशा काढला, असे म्हणायला हरकत नाही. तो सर्वांसाठी खुला आहे.

पण नकाशा काढला म्हणजे पाणी ओसरले असे नाही. रॉसकॉमनमधल्या लॉख फन्शिना या तळ्याचे पाणी पूर्वी भोकांतून खाली निघून जाई. 'अदृश्य होणारे तळे' अशी त्याची ख्याती. २०१६ पासून ते पूर्वीसारखे रिकामे होईना. काठची काही कुटुंबे घरे सोडून गेली. पाणी बाहेर काढण्याचे काम सुरू झाले आणि पर्यावरणाच्या परवानग्यांवरून ते न्यायालयात अडकले. पाणी कुठवर येते हे कळल्यावर ते कुणाच्या अंगणात सोडायचे, हा पुढचा प्रश्न. तो नकाशा सोडवत नाही, तो माणसांनाच सोडवावा लागतो.

न दिसणाऱ्याचा कायदा

या गोष्टीचा शेवटचा धागा कायद्याचा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १८४३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात एक खटला झाला, ऍक्टन विरुद्ध ब्लंडेल. लँकेशायरमध्ये एका गिरणीवाल्याची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीमुळे आटली. न्यायालयाने खाणवाल्याच्या बाजूने निकाल दिला. तर्क असा, की वाहती नदी सर्वांना दिसते, म्हणून तिच्या पाण्यावर काठच्या लोकांचे परस्परांशी नाते मानता येते. जमिनीखालचे पाणी कुठून येते, कुठे जाते हे कुणालाच ठाऊक नाही. सबब ज्याची जमीन, त्याचे खालचे पाणी.

हेच तत्त्व १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात उतरले आणि १८९१ मध्ये तो कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला. आपल्या मनात तर ते इतके खोल मुरले आहे, की 'माझ्या रानात माझी बोअर' यात काही तपासण्यासारखे आहे असे आपल्याला वाटतही नाही. पण मुळात तो निकाल अज्ञानावर उभा होता. १८४३ मध्ये आयर्लंडची भूवैज्ञानिक पाहणीसुद्धा सुरू व्हायची होती. आज आपल्याला दिसते, की स्लीव्ह ऑटीवर पडलेला पाऊस किनवाऱ्याला समुद्राला मिळतो. आज आपल्याला दिसते, की एका वाडीतल्या तीनशे फुटी बोअरने ओढ्यापलीकडची आजोबांच्या काळची विहीर उन्हाळ्यात महिनाभर आधी आटते. 'कुणालाच ठाऊक नाही' ही सबब संपली आहे.

महाराष्ट्राने हे काही प्रमाणात ओळखले. १९७० च्या दशकात पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, तर कुटुंबातल्या माणसांवर ठरत असे आणि उसाला त्यात जागा नव्हती. हिवरे बाजारात दरवर्षी पावसाचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरवतात. २००९ मध्ये विधिमंडळाने भूजलाचा कायदा केला, त्याला २०१३ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. ६० मीटरपेक्षा खोल विहीर शेतीसाठी वा उद्योगासाठी खोदू नये, असे त्यात आहे. ६० मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट. गावात बोअरची गाडी येते तेव्हा हा आकडा किती जणांच्या ध्यानात असतो, ते तुम्हीच सांगा.

मग आपण काय करायचे

तुम्ही म्हणाल, प्राध्यापक, आम्ही इथे युरोपात. आमचा याच्याशी संबंध काय? संबंध आहे आणि तो चांगला जवळचा आहे. आपल्यातल्या पुष्कळांची गावाकडे जमीन आहे. भाऊ किंवा चुलते ती कसतात. एखाद्या मार्चमध्ये फोन येतो, की बोअर गेली, आणखी खोल घ्यावी लागेल, थोडे पैसे पाठव. आपण पाठवतो. प्रेमाने पाठवतो आणि त्यात गैर काही नाही. पण युरोचे रुपये होताना चार-पाचशे फुटांची बोअर आपल्याला स्वस्त वाटते. शेजारच्या ज्या शेतकऱ्याचा मुलगा परदेशात नाही, त्याच्या विहिरीचे पाणी आपण इथे बसून ओढून घेत असू, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. पुढच्या वेळी पैसे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. आपल्या पाणलोटातल्या निरीक्षण विहिरीची ऑक्टोबरची पातळी काय होती? मागच्या पाच वर्षांच्या मानाने ती वर आहे की खाली? आणि खाली असेल, तर नव्या बोअरचे पैसे ठिबकाला, शेततळ्याला किंवा गावच्या बंधाऱ्यातला गाळ काढायला वापरता येतील का? हे आकडे यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात असतात. मागणारे कमी असतात, एवढेच.

इथल्या घराबद्दलही तेच. पश्चिमेकडे घर घेणारी मराठी कुटुंबे आता वाढत आहेत. अंगण, हिरवळ आणि किंमत पाहून आपण भुलतो. करार करण्याआधी भूजलाच्या पुराचा नकाशा उघडा आणि जोडीला १८४० च्या सुमाराचा सहा इंची नकाशाही. त्या मोजणीदाराने तुमच्या अंगणावर 'पूर येण्याजोगी' असे लिहिलेले असेल, तर तो अजूनही खरे बोलत आहे. घराला स्वतःची विहीर असेल, तर पाणी तपासून घ्या. आयर्लंडमध्ये दीड लाखाहून अधिक घरे खासगी विहिरींवर आहेत. चुनखडीच्या नळ्यांतून पाणी झपाट्याने जाते, त्याला गाळून निघायला वेळ मिळत नाही आणि शेजारच्या गोठ्यातली घाणही तेवढ्याच वेगाने येते.

आणि इथे वाढलेल्या मुलांना एक गृहपाठ. भूगोल किंवा संगणक शिकत असाल, तर हे रडारचे नकाशे, उंचीचे नकाशे आणि ते हाताळण्याची साधने फुकट मिळतात. आजोळच्या तालुक्याचा पाऊस आणि विहिरींची पातळी दहा वर्षांची एकत्र मांडून पाहा. मराठी वाचताना अडलात तर आजीला विचारा. मांजऱ्या म्हणजे काय, मुरूम म्हणजे काय, गावातली कोणती विहीर कधी आटली नाही, हे तिला ठाऊक असेल. कुठल्याही उपग्रहाला ते अजून दिसलेले नाही. जोतीरावांनी सांगितलेली झऱ्याची खूण गावच्या नकाशात घालायचे काम अजून बरेच बाकी आहे आणि ते डब्लिनमध्ये बसूनही करता येते.

दीपावलीच्या शुभेच्छा. तिकडे विहिरी भरलेल्या असोत आणि इकडे उंबऱ्याबाहेर राहोत.